शब्द गुरुकृपा, चाल पारंपरिक

सदू भुवडाचं वाटोळं झालं त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की शमीमनं सगळं सांगितलं आणि स्वतःचं तेवढं गाळलं.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, आखातात जाणाऱ्यांचे कागद. दिवसभर मी लोकांची नावं टाइप करते. एका वेलांटीवरून म्हाताऱ्या माणसाची पेन्शन अडकते हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून गिऱ्हाइकांवर खेकसते. "नीट सांगा हो, आधार कार्डावर काय आहे ते सांगा, घरी काय म्हणतात ते नको." गल्लीत मला फटकळ म्हणतात. म्हणू देत. पण जिथं खेकसायला हवं होतं तिथं नेमकी मी गप्प बसले, त्याचं काय करू?

सदू शाहीर होता. आमच्याकडे गौरी-गणपतीत जाखडीचा नाच असतो. पायात चाळ बांधून पोरं गोल फिरतात, मधे मृदुंगवाला आणि शाहीर बसतात, आणि शाहीर गातो. गणपतीत सदूला उसंत नसायची. बाकी वर्षभर तो मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा. श्रावण लागला की नव्या गाण्यांची वही काखेत मारून माझ्याकडे यायचा, मंडळातल्या पोरांसाठी झेरॉक्स काढायला. अक्षर म्हणाल तर टपोरं, एकसारखं. शाळा सातवीपर्यंतच.

"शाहीर, एवढी गाणी कधी बांधता?" मी विचारायची.

"बर्फ ओढताना. हात गार पडतात ना शमीमबाय, मग तोंड चालू ठेवायला लागतं."

आणि आवाज! अल्ला शपथ सांगते, त्या आवाजाला माइक नको होता. माझी अम्मा, जिला घराबाहेर पडायचं म्हटलं की गुडघे दुखतात, ती सदू आलाय म्हटल्यावर दुकानात येऊन स्टुलावर बसायची. "सदू, ते तरीवालं म्हण," म्हणायची. तरी म्हणजे खाडीतून माणसं पलीकडे नेणारी होडी. सदूची एकुलती एक लेक शमिका लग्न होऊन खाडीपलीकडच्या गावात गेली, त्या दिवशी हा बाप जेट्टीवर उभा राहिला आणि होडी दिसेनाशी होईपर्यंत त्याचं गाणं झालं.

खाडीपलीकडं दिवा लागला, तरीवाल्या थांब रे,
माझ्या बायला निरोप माझा, येवढा नेऊन सांग रे.

ते गाणं मी एकदा दुकानाच्या पायरीवर बसवून मोबाइलवर टिपलं आणि यूट्यूबवर टाकलं. हसत हसत टाकलं. दोन-चारशे लोक बघतील, मंडळाला नाचाच्या सुपाऱ्या मिळतील, एवढाच हिशेब.

त्यानंतरच्या शिमग्यात त्याचा घसा बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, काढे झाले, देवाला कौल लावून झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्रात गाठ आहे, वाईट आहे, असं सांगितलं. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. गाठ गेली, स्वरयंत्रही गेलं. गळ्याला पुढून भोक ठेवलं, श्वास त्यातून. नाका-तोंडातून वारा येत नाही म्हटल्यावर आवाज कुठला? कुजबुजसुद्धा नाही. ओठ हलतात आणि भोकातून नुसती फुस्स फुस्स हवा. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी "या शाहीर" म्हटलं आणि त्याने नुसते ओठ हलवले, तेव्हा मी झेरॉक्स मशिनच्या मागं जाऊन रडले. मशिन चालू ठेवून रडले, म्हणजे त्याला ऐकू जायला नको.

बर्फाचं काम सुटलं. त्या भोकात पाण्याचा थेंब गेला तर जीव घुसमटतो, आणि बर्फाच्या कारखान्यात तर सगळं पाणीच. बायको दमयंतीवहिनी काजूच्या कारखान्यात बी सोलायला जाते, तिच्या काळ्या पडलेल्या बोटांवर घर चालायचं. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती. श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधे एक छोटी झडप बसवतात. ती बसवली की भोकावर बोट ठेवून माणूस बोलू शकतो. आधीचा आवाज नाही, घोगरा, पण बोलता येतं. ती झडप योजनेत बसत नव्हती. मंडळाने जे गोळा केलं ते मुंबईच्या खेपांमध्येच संपलं. सदू एक पाटी घेऊन फिरायचा, लहान पोरांची असते तसली, पुसून लिहायची. पाटी घेतली त्या दिवशी त्याने माझ्यासमोर तिच्यावर लिहिलं होतं, "बोलता आलं तर पोरांना गाणी तरी शिकवीन."

त्याला झडप हवी होती. बाकी काही नको होतं.

आणि नेमका तेव्हा मुंबईहून फोन आला. माझ्याच नंबरवर, कारण यूट्यूबवर माझा नंबर होता. निलेश म्हणून एक जण, मालिका काढणाऱ्या कंपनीतला, गाण्यांचं बघणारा. कोकणातल्या एका घराण्याची मालिका काढतायत, रोज संध्याकाळी लागणार, सुरुवातीला हेच गाणं हवंय म्हणाला. सदू शेजारीच उभा होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, आम्ही गाणं विकत नाही घेत," निलेश म्हणाला. "वापरायची परवानगी घेतो. मालिकेसाठी एक परवानगी. उद्या कोणी सिनेमात घेतलं तर त्याची वेगळी. गाणं ज्याचं आहे त्याचंच राहतं, प्रत्येक वेळी त्याला पैसे. आमच्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेऊ, पण शब्द आणि चाल यांचे पैसे शाहिरांना."

सदूने पाटी पुढे केली. "म्हणजे मी न गाता गाणं कमावणार?"

"हो काका, अगदी तसंच," मी वाचून दाखवल्यावर निलेश हसून म्हणाला.

सदूचे डोळे असे चमकले म्हणून सांगू! त्याने मला पाटीवर एकच शब्द लिहून दाखवला, "झडप". मी म्हटलं, "झडप काय, आता तुमच्या गाण्यावर तुम्ही बंगला बांधाल. मला विसरू नका म्हणजे झालं." अम्माने साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आला. इंग्रजीत. मी एकेक रकाना मराठीत सांगत होते, सदू पाटीवर लिहीत होता, मी टाइप करत होते. नाव, पत्ता, गाण्याचं नाव. मग रकाना आला, गीतकार कोण. सदूने लिहिलं, "शब्द : गुरुकृपा." संगीतकार कोण? "चाल : पारंपरिक."

माझी बोटं क्षणभर थांबली होती. हे मी खोटं सांगणार नाही. मी विचारलंही, "शाहीर, गाणं तुम्हीच बांधलंत ना?" त्याने हो म्हणून मान हलवली. मग पाटीवर लिहिलं, "आमच्यात स्वतःचं नाव घालत नाहीत."

ते मला माहीत होतं. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. सदूच्या घराण्यात शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव कधी गुंफत नाही, गुरूचं गुंफतो. आपलं नाव आपला चेला घालील, असा त्यांचा रिवाज. वहीच्या प्रत्येक पानावरसुद्धा वर गुरूचंच नाव. त्या गाण्याचं शेवटचं कडवं असं होतं :

दादू गुरूच्या पायाची धूळ, कपाळी मी लावली रे,
त्याच्याच पुण्यानं खाडीकाठी ही चाल मला घावली रे.

मला ते ऐकून भरून यायचं. किती नम्र माणूस, वाटायचं. माझ्या दुकानात येणारे निम्मे लोक दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायला येतात, आणि हा आपल्या गाण्यावर आपलं नाव घालत नाही. म्हणून मी कौतुकाने टाइप केलं. गीतकार, पारंपरिक. संगीतकार, पारंपरिक. इंग्रजीत 'गुरुकृपा' काय लिहिणार होते? सदूने पाठवा म्हणून खूण केली, पाठवलं. आग लागो माझ्या त्या कौतुकाला!

आठ दिवसांनी निलेशचा मेसेज आला. गाणं पारंपरिक असल्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही, सहकार्याबद्दल आभार. सोबत कुरिअरने एक टी-शर्ट आला. मालिकेचं नाव छापलेला, एवढा मोठा की त्यात दोन सदू मावले असते. मला तेव्हाही नीट कळलं नाही हो! मला वाटलं, पैसे नंतर येत असतील. सदू रोज सकाळी दुकानाची फळी उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसायचा. मी नाही म्हणून मान हलवायची. तो पाटी न काढताच उठून जायचा.

मग मालिका सुरू झाली. रोज संध्याकाळी घराघरातून तरीवाला. कुणा मुंबईच्या गायिकेच्या गोड आवाजात, मागे बासरी. शेवटचं कडवं नव्हतंच, त्याच्या आधीच गाणं संपायचं. खाली नावं सरकायची, त्यात एक ओळ : पारंपरिक कोकणी गीत. आजही तीच ओळ सरकते, बघा हवं तर.

पहिल्या दिवशी मी सदूच्या खोलीवरच होते, सगळ्यांनी मिळून बघू म्हणून गेलेली. ओळ आली आणि गेली. दमयंतीवहिनीला वाचता येतं थोडंफार. तिने विचारलं, "पारंपरिक म्हंजे कोण?"

मी टीव्हीकडेच बघत राहिले.

"मी विचारते म्हंजे कोण तो? ज्याची पोरगी तरीत बसून गेली तो पारंपरिक काय?" ती उठली. "मेल्यांनो, मी रात्रंदिस बी सोलते, बियांचा डीक लागून माझी कातडी गेली, आणि तुम्ही दोघं शिकलेली माणसं बसून फॉर्म भरता आणि नाव घालत नाही? नाव घालायला काय पैसे पडतात?" तिने तो टी-शर्ट घेतला आणि त्यानेच चुलीजवळची जमीन पुसायला लागली. सदू भिंतीकडे तोंड करून बसला. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "वहिनी, मला दोन शिव्या द्या." ती म्हणाली, "तुला देऊन काय मिळणार आहे मला?"

दुसऱ्या दिवशी मी निलेशला फोन केला आणि जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले. तो पोरगा वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. त्याने ऐकून घेतलं. "ताई, तुम्हीच लिहून दिलंत पारंपरिक. आता आमचे वकील विचारतात, हे सदू भुवडांचंच कशावरून? काहीतरी दाखवा."

वही दाखवली. फोटो काढून पाठवले. तो म्हणाला, "प्रत्येक पानावर दादू गुरुजींचं नाव आहे." मंडळाच्या मृदुंगवाल्याशी त्याचं बोलणं करून दिलं. आमचा मृदुंगवाला, देव त्याचं भलं करो, अभिमानाने सांगतो, "गाणं? ते गुरुजींचंच की! आम्ही सगळे त्यांचीच लेकरं." मी फोन त्याच्या डोक्यात घालणार होते. पण तो काय चुकीचं बोलला? त्यांच्यात असंच बोलतात. उलट, सदूचं आहे असं म्हणाला असता तर सदूलाच लाज वाटली असती.

शेवटी निलेशनेच वाट काढली. "गुरुजी हयात आहेत ना? मग त्यांच्याकडून लिहून आणा. हे गाणं माझं नाही, पारंपरिकही नाही, माझा चेला सदू भुवड याने बांधलं. सही आणि सही करतानाचा व्हिडिओ. आता हे गाणं सिनेमावालेही घेतायत, कागद सोमवारी पक्के होतात. त्याच्या आत आणलंत तर मालिकेचे आणि सिनेमाचे, दोन्ही करार सदूकाकांच्या नावाने करून देतो. सोमवारनंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

हे सांगितल्यावर सदूने पाटी हातात घेतली. मग लिहिलं, "गुरुजींकडून असं लिहून घ्यायचं?"

माझं डोकं फिरलं. "शाहीर, तुम्हाला बोलायचंय की नाही? हो की नाही ते सांगा. नसेल बोलायचं तर मी दुकान उघडून बसते, माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत."

त्याने पाटी पुसली आणि लिहिलं, "बोलायचंय."

शनिवारी दुकानाला कुलूप लावून मी, सदू आणि टाइप केलेला कागद, असे तिघे राजापूरच्या एसटीत बसलो. कागद मी प्लास्टिकच्या पाकिटात घातला होता. सदूने गळ्याभोवती ओला रुमाल बांधलेला, धूळ आत जाऊ नये म्हणून. अख्खा रस्ता त्याचे ओठ हलत होते. गुरुजींना काय सांगायचं त्याची तालीम करत होता बिचारा, जणू पोचल्यावर आवाज परत येणार होता. राजापुरातून रिक्षा केली. गुरुजींचं गाव आत आहे, जांभ्याच्या सड्यावरून जावं लागतं, ऊन असं की डोकं भणभणलं.

दादू गुरुजी ओटीवर चटईवर बसले होते. नव्वदीला आलेला माणूस, अंगात नुसती बंडी, कानाला कमी, डोळ्यांत फूल पडलेलं. त्यांची सून तुळसा पुढे झाली. सदूला बघून तिने तोंडावर पदर धरला. "अगो बाय, सदूभाऊ, असे किती वाळलात!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, आमच्या मामंजींना आता फारसं कळत नाही हां. माणसं ओळखत नाहीत. माझं नावपण विसरतात."

सदूने गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं. गुरुजींनी त्याचं डोकं चाचपलं. "कोण? सुपारी घेऊन आलास? कुठल्या वाडीची?"

सदूचे ओठ हलले. भोकातून हवा गेली. गुरुजी वाट बघत राहिले.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. सदू आलाय, गाठीचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, गाण्याचा कागद आहे. त्यांच्यापर्यंत फक्त 'गाणं' पोचलं. "कुठलं गाणं? म्हण बघू."

आता म्हणणार कोण? मला सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी मोबाइल काढला, तोच पायरीवरचा व्हिडिओ लावला आणि त्यांच्या कानाला धरला. ओटीवर सदूचा आवाज आला. दोन वर्षांपूर्वीचा, भरदार. सदू खाली जमिनीकडे बघत उभा राहिला, स्वतःला ऐकत. मला वाटलं, हे आपण काय करतोय या माणसाचं?

पण गुरुजींची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. दुसऱ्या कडव्याला ते गाऊ लागले. मोबाइलच्या पुढे जाऊन गाऊ लागले, एक शब्द चुकला नाही. चेहरा कसा उजळला! "माझंच आहे," म्हणाले. "मीच बांधलं हे. माझ्या बायला दिली ना पलीकडे, तेव्हा."

तुळसा माझ्या कानाशी आली. "त्यांना मुलगीच नाही. हल्ली सगळंच माझं म्हणतात. रेडिओवर काही लागलं तरी मीच बांधलं म्हणतात." मग आणखी जवळ आली. "कागदावर सही हवीय ना? मी हात धरून करून घेते. सुपारीचा कागद म्हणून सांगा. त्यांना काय कळतंय? सदूभाऊंचं काम होऊ दे एकदाचं."

मी पेन काढलं. हो, काढलं. मला वाटलं, सदू आडवा येईल. नाही आला. उलट त्यानेच माझ्या हातातून कागद घेतला, गुरुजींच्या समोर गुडघे टेकले आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघेना. मी सही टिपायला एका हातात तुळसाचा मोबाइल घेतला, दुसऱ्या हातातला माझा गुरुजींच्या कानाशी होता, त्यावर गाणं चालू होतं ना.

"काय लिहिलंय?" गुरुजींनी विचारलं.

"सुपारीचा कागद, गुरुजी," मी ओरडले. तौबा, काय थंड आवाजात खोटं बोलले मी.

गुरुजी खूष झाले. तुळसाने त्यांच्या बोटांत पेन दिलं, मूठ धरली. एका हाताने सही, तोंडाने गाणं, दोन्ही चालू. 'दा' झाला. मोबाइलवर शेवटचं कडवं सुरू झालं आणि गुरुजीही त्यात शिरले.

"दादू गुरूच्या पायाची धूळ..."

आणि थांबले. पेन थांबलं.

"दादू?" ते म्हणाले. "दादू तर मी."

मोबाइलवर सदू गात राहिला. मी घाईघाईने बंद केला.

"माझ्या गाण्यात माझं नाव?" गुरुजींचा चेहरा बघवेना. पोरानं काहीतरी फोडावं आणि मग त्याला कळावं, तसा झाला. "तुळसा, मी माझ्या गाण्यात माझंच नाव घातलं गो! माझ्या गुरूचं सोडून? मी माझ्याच पायाची धूळ लावली? एवढा माजलो मी?" आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर थाडकन मारून घेतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तुळसा धावली. "मामंजी, नको हो, नको!" त्या म्हाताऱ्या हातात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक.

सदूने झेप घेऊन त्यांची मनगटं धरली. त्याचं तोंड त्यांच्या तोंडासमोर होतं आणि ओठ हलत होते, आणि मला वर्षभराच्या सवयीने ते ओठ वाचता येत होते. माझं आहे गुरुजी. ते गाणं माझं आहे. मी बांधलं. तुम्ही नाही, मी. जन्मात एकदाही जे तो बोलला नव्हता, जे फॉर्मवर लिहायला त्याची पाटी उठली नव्हती, ते तो आता त्या म्हाताऱ्याला सोडवायला बोलत होता, पुन्हा पुन्हा, सगळा जीव गोळा करून. गळ्यावरचा रुमाल हवेने फडफडत होता. आवाज नव्हता. पाटी घेऊन दाखवली असती तरी त्या फूल पडलेल्या डोळ्यांना काय दिसणार होतं?

"सदूचं आहे!" मी किंचाळले. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. "गुरुजी, गाणं सदूचं आहे! त्यानं तुमचं नाव घातलं! तुम्ही काही केलं नाही, ते सदूचं गाणं आहे!"

गुरुजींनी हात ओढायचे थांबवले. कान माझ्याकडे केला. गालावर बोटं उमटली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सदू?" ते म्हणाले. "कोण सदू? बोलवा त्याला. माझ्यासमोर बसून एकदा गाऊ दे, मग मी मानीन."

सदू समोरच बसला होता. त्याने गुरुजींचे हात सोडले नव्हते.